पाण्याच्या मागे: स्लोव्हेनियाच्या घळी आणि तळी

कातळफूल | १२ ऑक्टोबर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि बाबा स्लोव्हेनियातल्या ज्युलियन आल्प्समध्ये पाच दिवस चालून आलो. स्विस आल्प्सवर इथे पुष्कळ धागे आहेत, पण या कोपऱ्यावर मला एकही सापडला नाही, म्हणून लिहितेय. आम्ही म्युनिकला राहतो, बाबा पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले होते.

बाबा ६६ वर्षांचे. तरुणपणी त्यांनी नाणेघाटापासून आहुप्यापर्यंतच्या बहुतेक घाटवाटा पायाखाली घातल्या आहेत. त्या पिढीच्या भटक्यांना एक सवय असते. डोंगर दिसला की शिखराआधी पाणी शोधायचं. ब्लेडच्या तळ्याकाठी, बेटावरच्या चर्चचे फोटो काढणाऱ्या गर्दीत उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "या तळ्यात पाणी येतं कुठून?"

मला माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं की ब्लेडच्या तळ्याला मोठी अशी नदी मिळतच नाही. पाणी साचून खराब होऊ लागलं, तेव्हा १९६४ मध्ये शेजारच्या राडोव्हना नदीचं पाणी नळाने आणून तळ्यात सोडलं. "मग त्या नदीकडे चल," बाबा म्हणाले. पुढचे चारही दिवस आम्ही असंच पाण्याचा माग काढत फिरलो. ठरवलेली यादी तिथेच सोडून दिली आणि त्याचा मला अजूनही आनंद वाटतो.

राडोव्हना ब्लेडपासून चार किलोमीटरवर विंतगार नावाच्या घळीतून वाहते. घळ १.६ किलोमीटर लांब आहे. कड्यांना ठोकलेल्या लाकडी फळ्यांवरून चालायचं, खाली हिरवंगार पाणी, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. १८९१ पर्यंत तिच्यात कोणी आत शिरलं नव्हतं. त्या वर्षी गावच्या महापौरांनी आणि एका छायाचित्रकाराने नदीचं पाणी कमी असताना आत जाऊन वाट शोधली, आणि दोन वर्षांत फळ्या बसवून ती लोकांसाठी उघडली. घळीच्या शेवटी रेल्वेचा दगडी पूल डोक्यावरून जातो आणि त्याच्या पुढे नदी शुम नावाच्या धबधब्यातून खाली पडते. आता चालण्याची दिशा एकच आहे, वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि हेल्मेट देतात. परत येताना घळीतून यायचं नाही, वरच्या टेकडीवरून, शेतांमधून यायचं. सकाळची पहिली वेळ घ्या.

दुसऱ्या दिवशी बोहिन. (लिहितात त्यात शेवटी 'ज'चं अक्षर असतं, पण म्हणताना बोहिन्य किंवा बोहिन.) ब्लेडहून बसने तासाभराच्या आत. हे देशातलं सगळ्यात मोठं कायमस्वरूपी नैसर्गिक तळं: सव्वाचार किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, ४५ मीटर खोल. ब्लेडला दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, कस्टर्ड-क्रीमचे केक आहेत. बोहिनला एक चर्च, एक दगडी पूल आणि तिन्ही बाजूंनी पाण्यात उतरलेलं जंगल. तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा साधारण १२ किलोमीटरची. उत्तरेकडची बाजू पायवाटेची आणि शांत, दक्षिणेकडे रस्ता आहे. बाबांनी सगळी प्रदक्षिणा केली, चार तास लागले, त्यात अर्धा तास पाय पाण्यात सोडून बसलो ते धरून.

त्याच संध्याकाळी स्तारा फुझिना गावातून मोस्तनित्साच्या घळीत गेलो. विंतगारला गर्दी, तिकीट, फळ्या. इथे साधी पायवाट आणि मधून मधून लाकडी पूल. दोनेक किलोमीटरच्या घळीत पाण्याने कातळ असा गोल गोल कोरलाय की बाबा एकदम म्हणाले, "अगं, हे तर निघोज!" कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना लगेच कळेल. एके ठिकाणी पाण्याने कोरलेला खडक हुबेहूब सोंड खाली सोडलेल्या हत्तीसारखा दिसतो, त्याला ते छोटा हत्तीच म्हणतात. स्लोव्हेन भाषेत अशा घळींना 'कोरिता' म्हणतात, म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. नाव ठेवणारा माणूस गुराखी असणार.

तिसऱ्या दिवशी सावित्सा. बोहिनच्या पश्चिम टोकाला, ५०० वर पायऱ्या चढून गेलं की कड्याच्या मधोमध एका भोकातून नदी बाहेर पडताना दिसते आणि ७८ मीटर खाली कोसळते. वरून वाहत येऊन पडणारा हा धबधबा नाही. कड्याच्या पोटातून उगवणारा आहे. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे खरं पाणी वर आहे. वर काय आहे?"

वर सात तळ्यांची दरी आहे. तिथे जायची सरळ वाट सावित्साच्या शेजारूनच, कोमार्चा नावाच्या कड्यावरून चढते. साखळदंड, तारा, लोखंडी खुंट्या, दृष्टिभय. बाबांना घेऊन ती करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आम्ही गाडी करून प्लानिना ब्लातो नावाच्या कुरणापर्यंत (सुमारे ११५० मीटर) गेलो आणि तिथून कुरणाकुरणांतून, 'प्लानिना प्री येझेरू' म्हणजे तळ्याकाठच्या गुरांच्या वाडीवरून, देद्नो पोल्ये ओलांडून चार-साडेचार तासांत तळ्यांजवळच्या डोंगरघरात पोचलो. ही वाट लांब आहे, पण कुठेही हात लावावा लागत नाही. लाकडी छपरांच्या रिकाम्या झोपड्या, घंटा घातलेल्या गाई, आणि एका घराच्या ओट्यावर ताक विकणाऱ्या आजी. खुणेने दोन पेले मागितले, त्यांनी तीन आणून ठेवले.

डोंगरघर १६८५ मीटरवर, दोन तळ्यांच्या काठी. या जोडतळ्याचं नाव द्वोय्नो येझेरो. द्वोय्नो म्हणजे दुहेरी. त्रिग्लाव हे देशातलं सर्वोच्च शिखर (२८६४ मीटर), त्याचा अर्थ तीन डोक्यांचा. बाबांना 'त्रि' आणि 'द्वि' ऐकून फार मजा वाटली. घरात एका स्लोव्हेन मास्तरीणबाईंनी सांगितलं की त्यांच्या भाषेत अजून द्विवचन जिवंत आहे: दोघे जण चालत असले की क्रियापद वेगळं. मग बाबांनी त्यांना 'रामः रामौ रामाः' म्हणून दाखवलं.

चौथ्या दिवशी पहाटे निघून वर लेदवित्से तळ्यापर्यंत (१८३० मीटर) गेलो. झाडं संपतात, मग गवत संपतं, मग नुसता पांढरा दगड. त्यात मूत्रपिंडाच्या आकाराचं निळं पाणी. लेदवित्से या शब्दाचा अर्थही तोच. या दगडी वाळवंटाची एक गोष्ट आहे. सोन्याच्या शिंगांचा एक रानबोकड, झ्लातोरोग, इथल्या हिरव्या बागांचा राखणदार होता. लोभी शिकाऱ्याने त्याला गोळी घातली, त्याचं रक्त सांडलं तिथे गुलाबी फूल उगवलं, ते खाऊन तो बरा झाला आणि रागाने सगळ्या बागा शिंगांनी उकरून टाकल्या. राहिला तो दगड.

दुपारी बाबा घराबाहेर उन्हात बसले आणि मी एकटी खाली चर्नो येझेरोला, काळ्या तळ्याला (१२९४ मीटर) जाऊन आले. सातांतलं सगळ्यात खालचं. भोवती दाट जंगल, पाणी गडद. काठाने पूर्ण फिरले. तळ्यातून बाहेर पडणारा ओढा कुठेच नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि कड्याच्या पोटातून सावित्सा होऊन बाहेर येतं. वर येऊन बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ते आदल्या दिवशीच कळलं होतं.

पाचवा दिवस सोचा नदीकडचा, तो वेगळा लिहीन. प्रश्न विचारा.

---

दुर्गवेडा | १२ ऑक्टोबर

सुरेख! वाचनखूण साठवली. विंतगारबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी जुलैमध्ये दुपारी गेलो होतो. पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटून चाललो, कुठे थांबून बघताही आलं नाही. मोस्तनित्सा तिच्या दसपट आवडली. एकच दिवस असेल तर विंतगार सोडा, असं मी सगळ्यांना सांगतो.

कोमार्चा मी केली आहे, त्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो.

---

कातळफूल | १२ ऑक्टोबर

@दुर्गवेडा, जुलैची दुपार असेल तर तुमचं बरोबर आहे. आम्ही सकाळी पहिल्या वेळेला होतो, वीसेक माणसं, नदीचा आवाज सोडून काही नाही. आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला घळीच्या आतून चालता येईल अशी तीच एक सपाट जागा आहे. त्यासाठी मी ती यादीत ठेवीन.

---

मृद्गंध | १३ ऑक्टोबर

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही.

सह्याद्रीत आपण ज्यावर चालतो तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. पाणी त्याला विरघळवू शकत नाही. ते भेगा शोधतं, दगड झिजवतं. म्हणून आपल्याकडे पाणी दिसतं: टाक्यात, कुंडात, कड्यावरून पडणाऱ्या धारेत. सांधणसारखी घळसुद्धा कातळाच्या मोठ्या भेगेतून तयार झालेली.

ज्युलियन आल्प्स मुख्यतः चुनखडीचे. वीस कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी अक्षरशः विरघळवतं. त्यामुळे डोंगर आतून पोकळ: भुयारं, विहिरी, भूमिगत नद्या. पाऊस भरपूर पडूनही वरच्या दऱ्या कोरड्या, आणि खाली कड्याच्या मध्यातून अख्खी नदी बाहेर. सावित्सा हे त्याचं पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण आहे.

मग वर तळी टिकतात कशी? हिमनदीने. तिने दगड दळून बारीक चिकणगाळ केला, तो खळग्यांच्या तळाशी बसला आणि भेगा बुजल्या. आपण शेततळ्याला प्लास्टिक अंथरतो तसं. बोहिनचं खोरंही हिमनदीनेच कोरलंय, तिने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या बांधामागे पाणी अडलंय.

चालणाऱ्याला याचा व्यावहारिक अर्थ एकच: वर झरा सापडेल अशा भरवशावर जाऊ नका. नकाशावर निळं दिसलं तरी ते पिण्याजोगं असेलच असं नाही.

---

आप्पा_नाशिक | १३ ऑक्टोबर

मृद्गंध सर, फार छान समजावलंत. ब्रह्मगिरीवर गोदावरी लुप्त होते आणि खाली कुशावर्तात प्रकटते अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. इथे डोळ्यांदेखत तसं घडतं हे वाचून अंगावर काटा आला.

कातळफूल, वडिलांना नमस्कार सांगा. माझं वय ६९, मधुमेह आहे, रोज पाच किलोमीटर चालतो. मुलगा ऑस्ट्रियात ग्राझला आहे. मला यातलं काय जमेल?

---

कातळफूल | १३ ऑक्टोबर

आप्पा, बाबांना सांगितला, त्यांनी तुम्हाला नमस्कार कळवलाय.

बोहिनची उत्तरेकडची अर्धी प्रदक्षिणा करून बसने परत या, मोस्तनित्सा पहिल्या दोन-तीन पुलांपर्यंत, विंतगार सकाळी. सावित्साच्या पायऱ्या मात्र एका दमात करू नका. मध्ये बाक आहेत, बसत बसत जा. उंचावरून बघायचं असेल तर बोहिनच्या काठावरून वोगेल नावाच्या पठारावर केबलकार जाते, १५३५ मीटरपर्यंत. तिथून खाली तळं आणि समोर त्रिग्लाव एकदम दिसतो.

डोंगरघरात रात्र राहायचा हट्ट करू नका असं मी म्हणेन. सामुदायिक झोपायची जागा, रात्री अंधारात बाहेर संडासला जाणं, आणि औषधाच्या, जेवणाच्या वेळा सांभाळणं कठीण.

---

दुर्गवेडा | १४ ऑक्टोबर

कोमार्चाबद्दल कबूल केल्याप्रमाणे.

सावित्साच्या पायथ्याचं घर ६५३ मीटरवर, काळं तळं १२९४ वर. म्हणजे साडेसहाशे मीटर चढ, आणि तो जवळजवळ सगळा कड्यावर. दोन-अडीच तास. जंगलातून सुरुवात, मग वाट कड्याला भिडते आणि आडवी-उभी होत वर जाते. जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे खुंट्या, जिथे हात लागतो तिथे तार. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर रॉकपॅच (हाताने चढायचा कातळ) एकही कठीण नाही, पण उघड्या कड्यावरचं अंतर बरंच आहे आणि घसारा आहे. अलंग-मदन केलेल्या माणसाला तांत्रिक काहीच वाटणार नाही. तरी मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ओलं असेल तर जाऊ नका. बेसाल्टवर पावसात शेवाळ निसरडं असतं, आपण त्याला सरावलेलो असतो. चुनखडीचा वापरून गुळगुळीत झालेला दगड ओला झाला की साबण. आमच्या गटातला एक जण तिथे घसरला, तार हातात होती म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं.

दुसरी, ही वाट चढायची. उतरायची नाही. खाली जायला ब्लातोची लांब वाट घ्या.

तिसरी, घड्याळ. उन्हाळ्यात दुपारी एक-दोनच्या सुमारास ढग चढतात आणि वीज पडते. हातात लोखंडी तार धरून त्या वेळी कड्यावर असायचं नाही. आम्ही सहाला निघालो आणि साडेआठला काळ्या तळ्याशी होतो.

वाटेवरच्या खुणा मात्र मनापासून दाद द्यावी अशा: लाल कडं, मध्ये पांढरा ठिपका. १९२२ पासून सगळ्या देशात हीच खूण. वाटांच्या तीन श्रेणी आहेत, सोपी, अवघड आणि फार अवघड, आणि फाट्यावरच्या पाटीवर ती लिहिलेली असते. त्यांच्या 'अवघड'ला आपलं 'सोपं' समजू नका.

---

शुभ्रा_के | १४ ऑक्टोबर

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. हाय!! खूप आठवणी जाग्या झाल्या. लेदवित्से तळ्यात आम्ही पोहलो होतो, पाणी बर्फासारखं. आयुष्यातला सर्वात भारी क्षण. कुणी जाणार असाल तर टॉवेल न्या.

---

कातळफूल | १४ ऑक्टोबर

@शुभ्रा_के, राग मानू नका, पण हे इथे वाचून कुणी तसंच करू नये म्हणून स्पष्ट लिहिते. वरच्या सातही तळ्यांत उतरायला मनाई आहे. पाट्या आहेत. ही तळी छोटी, थंड आणि पोषकद्रव्यं जवळजवळ नसलेली. बाहेरून आलेलं थोडंसंही त्यांना पेलत नाही. जोडतळ्यात माणसांनी मासे आणून सोडले. त्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन टाकले, शेवाळ वाढलं आणि पारदर्शक पाणी हिरवं झालं. मी स्वतः पाहिलं, काठावर हिरवे गुठळे तरंगत होते. अंगाचं सनस्क्रीन, साबण, घाम यांनी तेच होतं. ही दरी १९२४ साली राखीव केली, पुढे १९८१ मध्ये आजचं मोठं राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे शंभर वर्षं लोक ती जपतायत.

पोहायचंय तर बोहिनमध्ये पोहा, तिथे परवानगी आहे. ते मोठं आहे, त्यातलं पाणी वर्षातून सुमारे तीनदा बदलतं.

---

शुभ्रा_के | १५ ऑक्टोबर

पाटी होती का ते आठवत नाही, पण तुमचं पटलं. माझ्या ब्लॉगवरचा तो परिच्छेद बदलते.

---

रेवती_ग्राझ | १५ ऑक्टोबर

शाकाहारी लोकांसाठी, कारण हा प्रश्न येणारच. आम्ही दर उन्हाळ्यात एकदा तरी जातो.

डोंगरघरांतला मेनू लहान असतो. 'योता' म्हणजे आंबवलेला कोबी आणि घेवड्याची आमटी, 'रिचेत' म्हणजे जवाची दाट खिचडी. दोन्हींत बहुतेक वेळा धुरावलेलं मांस असतं. 'ब्रेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा, आणि रस्सा कशाचा आहे हेही विचारा. खात्रीचं म्हणजे 'श्त्रुक्ली', ताज्या चीजचं सारण भरून उकडलेली गुंडाळी. आणि 'अय्दोवी झ्गांत्सी': कुट्टूच्या पिठाची उकड घेऊन ती मोकळी करायची, वरून आंबट दूध. माझ्या सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "वरून फोडणी हवी होती." पुढच्या वेळी डबीत लसणीची चटणी नेली, अप्रतिम लागलं.

पाणी विकत घ्यावं लागतं. वर नळ नाही, अंघोळ नाही, आणि बाटलीची किंमत खालच्या दुप्पट-तिप्पट असते. त्यावर कुरकुर करू नका, सगळं सामान वर न्यावं लागतं. रोख युरो ठेवा. झोपायला स्वतःची पातळ चादरीची पिशवी न्या, बूट बाहेर काढा. घरं साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उघडी असतात, जागा आधी राखून ठेवा. आणि उद्यानात तंबू ठोकायला मनाई आहे.

आता महत्त्वाचं. गोचीड. स्लोव्हेनिया आणि दक्षिण ऑस्ट्रिया इथे गोचिडीतून मेंदूज्वराचा विषाणू पसरतो. त्याची लस आहे, पहिल्या दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर लागतं, म्हणजे ऐन वेळी घेऊन उपयोग नाही. लाइम नावाच्या आजाराला लस नाही, त्याला प्रतिजैविकं लागतात. उंच दगडावर नाही, खालच्या गवतात आणि झुडपात धोका. मोस्तनित्साच्या पुढच्या कुरणात मुलं लोळतात तिथेच. संध्याकाळी काखा, मांड्या, गुडघ्यामागे, कानामागे बघा. माझ्या लेकीच्या केसांत सापडली तेव्हा मी घाबरून तेल लावलं. ते करायचं नसतं, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची.

---

आप्पा_नाशिक | १५ ऑक्टोबर

रेवतीताई, लशीचं लिहिलंत ते फार बरं झालं. मुलाला आजच फोन करतो.

---

कातळफूल | १८ ऑक्टोबर

पाचवा दिवस राहिला होता.

बोहिनच्या दक्षिणेला जी धार आहे तो इथला घाटमाथा. आपल्या घाटमाथ्यासारखाच: एका उतारावर पडलेला थेंब एका समुद्रात, दुसऱ्या उतारावरचा दुसऱ्या. बोहिनमधून निघालेलं पाणी मोस्तनित्साला मिळतं, पुढे सावा होतं, बेलग्रेडला डॅन्यूबला मिळतं आणि काळ्या समुद्रात जातं. धारेपलीकडचं सोचा नदीतून एड्रियाटिक समुद्राला. बाबांना पलीकडचं पाणी बघितल्याशिवाय परत जायचं नव्हतं.

या धारेच्या पोटातून १९०६ साली बांधलेला रेल्वेचा बोगदा जातो, ६.३ किलोमीटर लांब. बोहिनस्का बिस्त्रित्सा स्टेशनावर मोटारीसुद्धा गाडीवर चढवून पलीकडे नेतात. आम्ही नुसते माणसंच होतो. अंधारात काही मिनिटं, आणि बाहेर पडलो तर झाडं वेगळी, ऊन वेगळं, हवा उबदार. कसाऱ्याच्या बोगद्यांतून कोकणात उतरताना हवा बदलते ना, तसं. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते.

तोल्मिन गावाजवळ तोल्मिन्का आणि झादलाश्चित्सा या दोन नद्या घळीतच एकमेकींना भेटतात. उद्यानाची ही सगळ्यात सखल बाजू, समुद्रसपाटीपासून १८० मीटर. तासा-दोन तासांची गोल वाट आहे. एका घळीत दोन कड्यांच्या मध्ये वरून पडलेली प्रचंड शिळा अडकून राहिलीय, तिला अस्वलाचं डोकं म्हणतात. दुसऱ्या घळीवर ६० मीटर उंचीवर सैतानाचा पूल. पुलावरून खाली बघताना मी कठडा धरून उभी होते, आणि बाबा मात्र दगडाचा रंग बघत होते. तोल्मिन्कात एक कोमट झराही आहे. संगमावर हात घातला तर एका नदीचं पाणी दुसरीपेक्षा गार लागतं, हे आम्ही तिघांनी आलटून पालटून करून बघितलं.

आणि सोचा. ती निळी म्हणजे किती निळी हे फोटोत कळत नाही. मृद्गंध सर, चुनखडीच्या बारीक कणांमुळे हा रंग येतो ना? याच नदीच्या काठी १९१५ ते १९१७ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत बारा लढाया झाल्या. वाटेवर खंदक आहेत, कबरी आहेत. कोबारिदच्या संग्रहालयात आम्ही दोन तास होतो. बाहेर आल्यावर कुणीच काही बोललं नाही, नदीकाठी जाऊन बसलो.

---

मृद्गंध | १८ ऑक्टोबर

हो. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, आणि तळ पांढऱ्या चुनखडीचा असल्याने तो परत वर फेकला जातो. आपल्या नद्यांचा तळ काळा, म्हणून स्वच्छ पाणीही गडद दिसतं.

---

भटकंती_पुणे | २ जुलै

धागा वर आणतोय. याच धाग्याच्या आधाराने बायको आणि १२ वर्षांच्या मुलासह जाऊन आलो, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात.

जाणाऱ्यांसाठी: जून लवकर होतो. लेदवित्सेच्या वाटेवर बर्फाचे मोठे पट्टे होते, डोंगरघर उघडायचं होतं. आम्हाला मुक्काम मिळाला नाही, म्हणून ब्लातोहून पहाटे निघून तळ्याकाठच्या वाडीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतलो. एका प्रवास कंपनीने आम्हाला 'वर्षभर खुलं' असं सांगितलं होतं, त्यावर विसंबलो ही चूक. थेट घराशी बोलून घ्या.

पण बर्फ वितळण्याचा फायदा सावित्साला दिसला. पाणी इतकं होतं की बघायच्या ओट्यावर उभं राहिलं तरी सगळे भिजलो. मुलाला काळ्या तळ्याचं सांगितलं होतं. तो खाली बोहिनच्या तळ्यावर आल्यावर म्हणाला, बाबा, वरून एक पान पाण्यात सोडलं तर ते इथून बाहेर येईल का?

---

कातळफूल | ३ जुलै

पान बहुतेक अडकेल कुठेतरी. पाणी येतं. बाबांना तुमच्या मुलाचा प्रश्न फोनवर वाचून दाखवला, ते म्हणाले, पुढच्या सप्टेंबरला येतोय, तेव्हा सातांतली वरची तळी राहिलीत ती बघू. प्रेहोदावत्सीचं घर २०७१ मीटरवर आहे. आतापासून जागा बघतेय.